युनिकोडमधली चेरोकी लिपी: अक्षरं पक्की, लहान-मोठ्याचा घोळ कायम

काय पाहिलं: युनिकोडचा (जगभरच्या लिप्यांतल्या प्रत्येक अक्षराला संगणकासाठी क्रमांक देणाऱ्या प्रमाणकाचा) चेरोकी अक्षरसंच (आवृत्ती ८ आणि त्यापुढची), नोटो सॅन्स चेरोकी फॉन्ट, विंडोजमधला गाडुगी फॉन्ट, विंडोज आणि मॅकवरचे कीबोर्ड.
किंमत: वेगळी काही नाही. नोटो फुकट आहे, बाकीचं यंत्रासोबतच येतं.
गुण: अक्षरसंचाला ५ पैकी ४, फॉन्टला ४, कीबोर्डला ३. बाकीची सॉफ्टवेअर या अक्षरांशी जशी वागतात त्याला २, आणि तेही हात सैल सोडून.

चेरोकी ही अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक भाषा. आज ती मुख्यतः ओक्लाहोमात आणि नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरपट्ट्यात बोलली जाते. तिची लिपी सिक्वोया या चांदीकाम करणाऱ्या चेरोकी माणसाने १८२१च्या सुमारास पुरी केली. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं. इंग्रजी कागदावरचे आकार त्याने पाहिले होते, त्यातले काही उचलले आणि त्यांना आपल्या भाषेतले उच्चार दिले. २१ फेब्रुवारी १८२८ला जॉर्जियातल्या न्यू एकोटा गावातून ‘चेरोकी फीनिक्स’ हे चेरोकी-इंग्रजी वर्तमानपत्र या लिपीचे खिळे जुळवून निघालंसुद्धा. आपलं ‘दर्पण’ ६ जानेवारी १८३२चं, आणि तेही दोन भाषांतलं. छापील वर्तमानपत्राच्या हिशोबाने चेरोकी मराठीपेक्षा चार वर्षांनी थोरली ठरते.

बाराखडीवर वाढलेल्या माणसाला चेरोकीचा तक्ता पहिल्या नजरेत घरचा वाटतो. उभ्या बाजूला व्यंजनं, आडव्या बाजूला सहा स्वर: आ, ए, ई, ओ, ऊ आणि सहावा नाकातून येणारा, साधारण आपल्या ‘अं’सारखा. साम्य मात्र तक्त्यावरच संपतं. आपल्याकडे ‘गा’, ‘गे’, ‘गी’ या तिघांत ‘ग’ दिसतो आणि त्याला काना-मात्रा-वेलांटी लागते. चेरोकीत ‘गा’ आणि ‘गे’ यांच्या आकारात काडीचंही साम्य नाही. प्रत्येक अक्षरावयव (‘गा’सारखा एका दमात उच्चारला जाणारा तुकडा) म्हणजे स्वतंत्र चिन्ह. मात्रा नाही, जोडाक्षर नाही, रफार नाही, पाय मोडणं नाही.

संगणकाच्या दृष्टीने हे फार सुखाचं आहे. देवनागरीत ‘र्की’ दाखवायचं तर चार कोडपॉइंट (युनिकोडने दिलेले क्रमांक) साठवावे लागतात, मग फॉन्टमधले नियम ते उलटेपालटे करून जुळवतात, आणि मध्येच एखादं जुनं सॉफ्टवेअर वेलांटी भलत्या जागी टाकतं. चेरोकीत एक अक्षरावयव म्हणजे एक कोडपॉइंट आणि एक आकार. बॅकस्पेस एकदा दाबला की एक अक्षर पूर्ण जातं. शब्दांमध्ये जागा सोडतात, विरामचिन्हं इंग्रजीचीच, आकडेही तेच. सिक्वोयाने स्वतःची अंकचिन्हं बनवली होती, पण ती वापरात आली नाहीत आणि युनिकोडनेही ती घेतलेली नाहीत. आवाजाचे चढ-उतार भाषेत आहेत, रोजच्या लेखनात ते दाखवत नाहीत. म्हणजे डोक्यावर टिंबं-रेघा चढवण्याचाही त्रास नाही.

इतक्या सरळ लिपीत बिघडण्यासारखं काही असायला नको होतं.

युनिकोडची तिसरी आवृत्ती सप्टेंबर १९९९मध्ये आली. तिच्यात चेरोकीची ८५ अक्षरं घेतली गेली. जागा १३ए० पासून १३एफ४ पर्यंत (षोडशमान आकडे, ९ नंतर ए ते एफ). क्रम सिक्वोयाचा मूळचा नाही. मिशनरी सॅम्युएल वूस्टरच्या तक्त्यावरून तो आलेला आहे: आधी स्वर, मग ग, ह, ल, म, न अशी व्यंजनांची ओळ. त्यामुळे कोडपॉइंटच्या क्रमाने यादी लावली तरी ती तक्त्यासारखीच लागते. एक गंमत तेवढी आहे. स्वराशिवायचा एकटा ‘स्’ हे या लिपीतलं वेगळं अक्षर, आणि ते १३सीडीवर, म्हणजे ‘सा’ आणि ‘से’ यांच्या मध्ये बसलेलं. शब्दयादी छापताना ‘स्’ने सुरू होणारे शब्द ‘सा’नंतर आलेले पाहून कुणी चूक समजून हाताने वर सरकवू नयेत. तक्ताच तसा आहे.

तक्त्यातल्या काही घरांत दोन अक्षरं आहेत, काहींत एकच, आणि हे टाइप करणाऱ्याला आधीच माहीत असलेलं बरं. ‘गा’ आणि ‘का’ वेगळे. पण ‘गे’ आणि ‘के’ यांना एकच अक्षर. ‘दा-ता’, ‘दे-ते’, ‘दी-ती’ या जोड्या वेगळ्या. ‘दो-तो’, ‘दू-तू’ मात्र एकत्र. ‘ना’च्या घरात तर तिघं नांदतात. हा विसंगतपणा लिपीचा आहे, एन्कोडिंगचा नाही. युनिकोडने लिपी सुधारायच्या फंदात न पडता आहे तशी उचलली, हे योग्यच केलं. मोडीच्या बाबतीत आपल्याकडे ‘जरा नियमित करून घेऊ’ म्हणणारे भेटतात. त्यांनी हे पाहावं.

१९९९ची ही आवृत्ती नुसती ठेवली असती तर गुण पाचपैकी पाच पडले असते. पण जुन्या छपाईत वाक्याच्या आणि नावाच्या सुरुवातीला तेच अक्षर मोठ्या आकारात घालायची रीत होती. साध्या मजकुरात ती उतरवायची तर लहान-मोठी अशी दोन रूपं हवीत. मायकेल एव्हरसन आणि चेरोकी भाषेचे कोशकार डर्बिन फीलिंग यांनी तसा प्रस्ताव मांडला. जून २०१५च्या आवृत्ती ८मध्ये तो आला. सोबत एक जुनं, वापरातून गेलेलं ‘मं’ हे ८६वं अक्षरही आलं. आता ८६ मोठी आणि ८६ लहान, एकूण १७२.

मागणी रास्त होती. घोळ झाला तो जागेचा आणि क्रमाचा.

आधी जागा. चेरोकीच्या मूळ पट्ट्यात ९६ घरं. ८५ भरलेली, उरली ११. त्यांतल्या एका घरात ‘मं’ गेलं आणि सहा घरांत सहा लहान अक्षरं (१३एफ८ ते १३एफडी). उरलेल्या ८० लहान अक्षरांसाठी दूर एबी७० ते एबीबीएफ असा नवा पट्टा काढला, बरोबर ८० घरांचा. म्हणजे ‘या’चं लहान रूप दूरच्या पट्ट्यात, आणि तक्त्यात त्याच्या शेजारी बसणाऱ्या ‘ये’चं लहान रूप मूळ पट्ट्यात. एकाच ओळीतली भावंडं दोन गावांत. मोठ्याचं लहान करायचं तर पहिल्या ८० अक्षरांना ३८,८६४ मिळवा आणि शेवटच्या सहांना फक्त ८. रोमनमध्ये सगळीकडे ३२ मिळवायची सवय लागलेला प्रोग्रामर इथे हमखास फसतो.

आता क्रम, आणि खरं दुखणं हेच. १९९९ची ८५ अक्षरं मोठी धरायची की लहान? लोकांनी सोळा वर्षं जे लिहिलं ते सगळं याच ८५ अक्षरांत होतं, आणि फॉन्टांत ती पूर्ण उंचीची होती. म्हणून ती ‘मोठी’ ठरली आणि नवी आलेली ‘लहान’. बाकी जगात रोजच्या वापरातल्या अक्षराला लहान रूप मानतात. इथे रोजचं अक्षर मोठं आहे. आजही बहुतेक चेरोकी मजकूर आद्यंत मोठ्याच अक्षरांत असतो.

त्यात युनिकोडचं एक वचन आडवं येतं. लहान-मोठं न मानता तुलना करण्यासाठी मजकूर एका रूपात आणतात, त्याला केसफोल्डिंग म्हणतात. एकदा ठरलेलं हे रूप पुढे कधीही बदलणार नाही अशी युनिकोडची हमी आहे. २०१५पूर्वी चेरोकी ‘आ’चं केसफोल्ड केलं तर ‘आ’च मिळायचं. ते आता लहान ‘आ’ झालं असतं तर हमी मोडली असती. म्हणून चेरोकीत केसफोल्डिंग उलट्या दिशेने चालतं: लहानाचं मोठं होतं. रोमन, ग्रीक, सिरिलिक सगळ्यांत मोठ्याचं लहान होतं. चेरोकी एकटी उलट. नावांचंही तसंच. एकदा दिलेलं नाव बदलायचं नाही, म्हणून मोठ्या ‘आ’चं अधिकृत नाव नुसतंच ‘चेरोकी लेटर ए’ राहिलं, त्यात ‘कॅपिटल’ हा शब्द नाही. लहानाच्या नावात ‘स्मॉल’ आहे. नाव वाचून अक्षर मोठं की लहान ते ओळखणारी स्क्रिप्ट इथे आपटते. नावाऐवजी अक्षराचा वर्ग तपासावा. तो आवृत्ती ८पासून बरोबर नोंदलेला आहे.

हे सगळं कागदावर निरुपद्रवी वाटतं. प्रत्यक्षात काय होतं ते एका शब्दावर पाहू. ‘ओसीयो’ म्हणजे चेरोकी नमस्कार. तीन अक्षरं: ओ (१३ए३), सी (१३सीएफ), यो (१३एफ२). यूटीएफ-८मध्ये (युनिकोड अक्षरं साठवायच्या नेहमीच्या पद्धतीत) प्रत्येकी तीन, एकूण नऊ बाइट. आता एखाद्या संकेतस्थळाने शोधपेटीतला शब्द ‘लोअर’ (मोठ्याचं लहान करणाऱ्या) फंक्शनमधून काढला. मिळालं एबी७३, एबी९एफ, १३एफए. बाइट नऊच राहिले, त्यामुळे लांबीची तपासणी करणाऱ्याला काही कळत नाही. तिकडे शोधाची अनुक्रमणिका दुसऱ्या सेवेने ‘केसफोल्ड’ करून बनवलेली. तिच्यात १३ए३, १३सीएफ, १३एफ२. तीनपैकी एकही अक्षर जुळत नाही. पानावर शब्द डोळ्यांना दिसतो आहे आणि शोध म्हणतो ‘सापडलं नाही’. इंग्रजीत ही चूक सहसा उघडी पडत नाही, कारण तिथे लोअर आणि केसफोल्ड बहुतेक वेळा एकच उत्तर देतात.

उपाय साधा आहे: तुलना करायची तिथे दोन्ही बाजूंना केसफोल्डच, आणि दाखवायला मूळ मजकूर जसाच्या तसा. पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत लोअर आणि केसफोल्ड ही दोन्ही फंक्शन वेगळी आहेत. जिथे केसफोल्ड मिळत नाही तिथे चेरोकीपुरतं ‘अप्पर’ (लहानाचं मोठं) करून तुलना केली तरी चालतं.

आवृत्त्यांचा गोंधळ यावर वेगळा. पायथॉन ३.४ला ही लहान अक्षरं ठाऊकच नाहीत, ३.५मध्ये युनिकोड ८ आलं. जावा ८ युनिकोड ६.२वर, जावा ९ युनिकोड ८वर. म्हणजे एका सर्व्हरवर जावा ८ चालू आहे आणि दुसऱ्यावर नवा जावा, तर एकच ‘लोअर’ एकीकडे शब्दाला हात लावत नाही आणि दुसरीकडे अख्खा शब्द बदलतो. अशा ठिकाणी आवृत्ती चढवली की अनुक्रमणिका नव्याने बांधायलाच हवी. नाहीतर जुनी अर्धी एका रूपात आणि नवी अर्धी दुसऱ्या रूपात राहते, आणि हा दोष महिनोन् महिने कुणाच्या लक्षात येत नाही.

मायएसक्यूएल हा डेटाबेस वापरणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. चेरोकी सगळी पहिल्या ६५,५३६ घरांत आहे, म्हणून तीन बाइटांच्या जुन्या ‘यूटीएफ८’ रकान्यातही ती मावते. आपल्या मोडीचं तसं नाही. २०१४च्या आवृत्ती ७मध्ये मोडी ११६००पासून पुढे बसली, तिला चार बाइट लागतात आणि ‘यूटीएफ८एमबी४’ नसेल तर रकाना ती घेतच नाही. पण साठवणूक झाली म्हणजे तुलना जमली असं नव्हे. ‘युनिकोड-सीआय’ ही कोलेशन (तुलनेची आणि क्रम लावायची नियमावली) युनिकोड ४च्या काळातली, ‘युनिकोड-५२०-सीआय’ ५.२ची. दोघींनाही २०१५ची लहान अक्षरं माहीत नाहीत. लहान-मोठं न मानणारी तुलना मागितली तरी त्या मोठं ‘ओ’ आणि लहान ‘ओ’ वेगळेच धरतात. ‘०९००-एआय-सीआय’ घेतली की प्रश्न सुटतो. ती युनिकोड ९वर आधारलेली आहे.

डोमेननावांतही हीच उलटी गंगा वाहते. २००८च्या आंतरराष्ट्रीय नियमांप्रमाणे चेरोकीची मोठी अक्षरं ग्राह्य आणि लहान बाद.

आता फॉन्ट. विंडोज ८पासून गाडुगी आहे. चेरोकी आणि कॅनडातल्या मूळ रहिवाशांची अक्षरमाला दोन्ही त्यात आहेत. गाडुगी हा चेरोकी शब्द, अर्थ साधारण आपल्या इर्जिकीसारखा: गावाने मिळून एकाचं काम उरकायचं. नाव छान निवडलंय. पडद्यावर छोट्या आकारातही अक्षरं स्वच्छ दिसतात, मेनू आणि बटणांसाठी हाच ठेवावा. त्याआधीचा प्लांटाजनेट चेरोकी मॅकवर २००३पासून आहे. विंडोज व्हिस्टातही होता. पुस्तकी वळणाचा, छापायला देखणा. विंडोज १०मध्ये मात्र तो आपोआप बसत नाही. ‘ऑप्शनल फीचर्स’मध्ये जाऊन चेरोकीचे पूरक फॉन्ट वेगळे उतरवावे लागतात. जुनी वर्ड फाइल उघडल्यावर ओळी भलत्याच जागी तुटल्या तर आधी हे पाहावं. मागितलेला फॉन्ट नसल्याने यंत्राने गाडुगी घातलेला असतो आणि त्याची रुंदी वेगळी.

नोटो सॅन्स चेरोकी हा आमचा कौल. खुल्या परवान्याचा, पुस्तकात, ॲपमध्ये, पाटीवर कुठेही वापरा. थिनपासून ब्लॅकपर्यंत नऊ वजनं (रेघेच्या जाड्या), लहान-मोठी दोन्ही रूपं. लहान अक्षर म्हणजे मोठ्याचीच आखूड प्रत, आकार वेगळा नाही. नोटोत लहान अक्षराची रेघ नुसती आक्रसून बारीक झालेली दिसत नाही, जाडी सांभाळलेली आहे. त्यामुळे मोठं-लहान शेजारी आलं तरी परिच्छेदाची गडद-फिकट छटा एकसारखी राहते. तिरपं रूप नाही. ब्राउझरला तिरपं मागितलं तर तो अक्षरं ओढून वाकवतो आणि ते वाईट दिसतं. जोर द्यायचा तर ठळक करावं.

वेबसाठी फॉन्ट छाटताना (लागतील तेवढीच अक्षरं ठेवून फाइल लहान करताना) मात्र जपून. पट्टा विचारला की बहुतेक जण १३ए० ते १३एफएफ एवढाच देतात, कारण ‘चेरोकी’ नावाचा पट्टा तोच. दुसऱ्याचं नाव ‘चेरोकी सप्लिमेंट’, एबी७० ते एबीबीएफ. तो विसरला की ८० लहान अक्षरं फाइलमधून गायब. मग पानाच्या शैलीत कुणीतरी ‘सगळं लहान’ असं लिहून ठेवलेलं असतं, मेनूतला मजकूर लहान होतो आणि तिथे रिकाम्या चौकटी उमटतात. मूळ मजकुरात दोष नसतो, म्हणून लेखक गोंधळतो. चौकटी फक्त मेनूत किंवा फक्त शीर्षकात दिसत असतील तर नव्वद टक्के हेच कारण समजावं.

कीबोर्डांवर आमचं मन तितकंसं बसत नाही. विंडोज आणि मॅक दोघांवर दोन-दोन प्रकार मिळतात. एक ‘चेरोकी नेशन’: एका कळेवर एक अक्षर. दुसरा उच्चारी, मॅकवर त्याला क्वर्टी म्हणतात. त्यात रोमन व्यंजन आणि मग स्वर दाबला की अक्षर तयार होतं. विंडोजवर ‘टाइम अँड लँग्वेज’, मग ‘लँग्वेज’मध्ये (विंडोज ११वर ‘लँग्वेज अँड रीजन’मध्ये) चेरोकी भाषा जोडा आणि तिच्या ‘ऑप्शन्स’मध्ये हवा तो कीबोर्ड घ्या. मॅकवर कीबोर्डच्या ‘इनपुट सोर्सेस’मध्ये अधिकच्या खुणेवर टिचकी. आयफोनवर ‘जनरल’, ‘कीबोर्ड’, ‘कीबोर्ड्स’, ‘ॲड न्यू कीबोर्ड’. चेरोकी तिथे २०१०च्या आयओएस ४.१पासून आहे. इतर यंत्रांवर कीमॅन हा फुकट पर्याय, त्यातही हे दोन्ही प्रकार सापडतात.

‘नेशन’ मांडणी वेगवान आहे, पण शिकावी लागते. ८५ अक्षरं साध्या कीबोर्डच्या ४७ अक्षरकळांवर एका थरात मावत नाहीत, त्यामुळे शिफ्टचा थर दुसऱ्या अक्षरांतच खर्च होतो. इथे शिफ्ट म्हणजे मोठं अक्षर नव्हे, वेगळंच अक्षर. लहान-मोठं करायला तो हाताशी उरत नाही. २०१५ची सुधारणा रोजच्या टंकलेखनात फारशी उतरलेली दिसत नाही त्यामागे हे एक कारण नक्की असणार.

नवख्याने उच्चारी मांडणी घ्यावी. आपल्याकडे रोमनमधून मराठी टाइप करणाऱ्यांना ती लगेच जमते. अडखळायच्या जागा तीन. पहिली, सहाव्या नासिक्य स्वराला रोमन ‘व्ही’. डोळे मिटून लक्षात ठेवायचं, व्यंजन समजायचं नाही. दुसरी, वर सांगितलेली रिकामी घरं: ‘के’ किंवा ‘तो’ टाइप करायला गेलात तर तसं अक्षर नाही, ‘गे’ आणि ‘दो’च वापरायचे. तिसरी, एकटा ‘स्’. ‘एस’ दाबल्यावर यंत्र पुढच्या स्वराची वाट पाहतं. पुढे व्यंजन येत असेल तर ‘स्’ नीट उमटला की नाही हे नजर टाकून पाहावं. शब्दाच्या मधला हा ‘स्’ सुटणं ही आढळणारी सगळ्यात नेहमीची टंकचूक.

कीबोर्ड न घेता काम उरकणारे मग रोमन अक्षरं घालतात, आणि तो रोग फार चिवट आहे. चेरोकी ‘आ’ दिसतो रोमन डीसारखा, ‘ए’ आरसारखा, ‘ई’ टीसारखा, ‘गो’ एसारखा, ‘ला’ डब्ल्यूसारखा, ‘लू’ एमसारखा, ‘मी’ एचसारखा. ‘से’ तर इंग्रजी चार. छापलेल्या पानावर फरक दिसत नाही. आपल्याकडे ‘दुःख’ लिहिताना विसर्गाऐवजी कोलन ठोकतात तसंच. डोळ्याला चालतं, शोधाला आणि शब्दतपासणीला चालत नाही. स्कॅन केलेल्या पानांवरून मजकूर काढणारी सॉफ्टवेअरही हीच चूक करतात. मजकूर हाती आला की पहिलं काम: एकाच शब्दात चेरोकी आणि रोमन दोन्ही पट्ट्यांतली अक्षरं आहेत का ते शोधावं. असे शब्द आपोआप बदलू नयेत, यादी काढून माणसाला दाखवावी. इंग्रजी नावं मध्ये येतातच. युनिकोडच्या शिफारशींत चेरोकी ‘मर्यादित वापराच्या’ लिप्यांत मोडते, त्यात हे दिसण्यातलं साम्य, त्यामुळे वापरकर्तानावांत अनेक ठिकाणी तिला मज्जाव असतो. यात अन्याय आहे. फसवणूक दुसरे करतात आणि दार लिपीला बंद होतं.

१९९९च्या आधीच्या फाइली सापडल्या तर त्या निराळ्याच. तेव्हा रोमन कळांच्या जागी चेरोकी आकार बसवलेले फॉन्ट चालायचे, आपल्या शिवाजी किंवा कृतिदेवसारखे. फॉन्ट काढला की खाली रोमन गिचमिड. असा मजकूर बदलताना फॉन्टचं नेमकं नाव आधी मिळवावं, कारण प्रत्येकाचा नकाशा वेगळा. अंदाजाने रूपांतर केलं तर पाऊण मजकूर बरोबर येतो, आणि चुकलेला पाव भाग शोधणं अख्खं पुन्हा टाइप करण्यापेक्षा जिकिरीचं होतं.

मोबाइलवरून साधा एसएमएस पाठवणाऱ्यांना मर्यादा मराठीसारखीच: १६०ऐवजी ७० अक्षरं. फरक असा की चेरोकीत ७० म्हणजे खरोखर ७० अक्षरावयव. मराठीत काना-मात्रा वेगळ्या मोजल्या जातात. ‘मराठी’ शब्दाचे पाच होतात, ‘ओसीयो’चे तीनच.

शेजारच्या कॅनडातली क्री, ओजिब्वे, इनुक्टिटुट यांची अक्षरमाला याच १९९९च्या आवृत्तीत, १४००पासूनच्या पट्ट्यात आली. तिथे लहान-मोठ्याचा प्रश्नच नाही, आणि त्या एका बाबतीत ती चेरोकीपेक्षा निवांत आहे. पण एकाच पट्ट्यात अनेक भाषा बसवल्याने कुठल्या समाजाचं वळण दाखवायचं हा वाद तिथे फॉन्टपर्यंत पोचतो. त्याचं परीक्षण स्वतंत्रच करायला हवं.

कुठलंही सॉफ्टवेअर चेरोकीसाठी घेण्याआधी ‘ओसीयो’ हाच शब्द चाचणीला वापरावा. तीन अक्षरांत दोन्ही पट्टे येतात: लहान केल्यावर ‘ओ’ आणि ‘सी’ दूरच्या पट्ट्यात जातात, ‘यो’ मूळ पट्ट्यातच राहतो. शब्द लहान करून पाहा. पहिल्या दोन ठिकाणी चौकटी आणि ‘यो’ तेवढा शाबूत दिसला, तर फॉन्ट छाटताना पूरक पट्टा राहिला आहे. तिन्ही ठिकाणी काहीच बदललं नाही, तर आत युनिकोड ८च्या आधीचं काहीतरी चालू आहे. आणि ‘यो’च्या जागी मणिपुरीच्या मैतेई मयेक लिपीतला ‘लाइ’ उमटला, तर कुणीतरी सरसकट ३८,८६४ मिळवून मोकळं झालं आहे: चेरोकीचा नवा पट्टा जिथे संपतो तिथून लगेच मैतेई मयेक सुरू होते.